लेकीच्या यकृताचा न्यूक्लिअर स्कॅन सांगितलाय, उपाशी ठेवायचं का? (ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज)

नंदगडचा_मास्तर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातून लिहितोय. जरा लांबेल, पण नीट वाचा ही विनंती. पुढच्या आठवड्यात निर्णय घ्यायचा आहे आणि एकदा हात पोळले आहेत.

माझी लेक पंधरा वर्षांची. आठ महिन्यांची होती तेव्हा एका पहाटे तिला झटका आला. अंग थंडगार, घामाने भिजलेलं, रक्तातली साखर २२. त्याआधी पोट मोठं, गाल गुबगुबीत, म्हणून घरीदारी सगळे म्हणायचे, बाळसं छान धरलंय. ते बाळसं नव्हतं, वाढलेलं यकृत होतं. बेळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी बेंगळुरूला पाठवलं, तिथं जनुकीय तपासणीत ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, टाइप वन-ए निघाला. जुन्या पुस्तकांत याला फॉन गिर्केचा आजार म्हणतात, त्यांनी १९२९ साली वर्णन केलं म्हणून.

मला जसं समजलं तसं सांगतो. जेवणातली जादा साखर यकृत ग्लायकोजेन करून साठवतं आणि पोट रिकामं झालं की तीच साखर रक्तात सोडतं. सोडायच्या शेवटच्या पायरीवर ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम लागतं. ते हिच्यात नाही. कणगी काठोकाठ भरलेली, पण खालचं तोंड लिंपून टाकलेलं, तसं. म्हणून यकृत फुगतं आणि लेक मात्र उपाशी पडते.

मुख्य उपाय म्हणजे दर पाच तासांनी कच्चं कॉर्नफ्लॉवर. मक्याचं पीठ नव्हे, तो पांढरा स्टार्च. साध्या पाण्यात कालवायचा, गरम पाण्यात नाही, शिजवायचा तर नाहीच. कच्चा असतो म्हणून आतड्यात हळूहळू सुटतो आणि तासन्‌तास साखर पुरवतो. आता तिला एका वेळी ६५ ग्रॅम लागतो. रात्री अकरा आणि पहाटे चारचा गजर आमच्या घरात चौदा वर्षांत एकदाच चुकला, ते खाली सांगतो. पेल्याच्या तळाशी गाळ बसतो, शेवटचा घोट खडूसारखा लागतो, म्हणून ती चमच्याने ढवळत ढवळत पिते. साखर, गूळ, फळं, दूध जवळजवळ बंद. बेळगावात राहून कुंदा नाही, गोकाकहून पाहुणे आले तर करदंट नाही.

आता मूळ मुद्दा. दोन महिन्यांपूर्वी सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात २.८ सेंटिमीटरची गाठ दिसली. एमआरआय केला, त्यात लिहिलंय, 'अॅडिनोमा किंवा फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया'. दोन्ही कॅन्सर नसलेल्या गाठी. या दोन्हींतलं काय ते ठरवायला डॉक्टरांनी सल्फर कोलॉइड लिव्हर स्कॅन, स्पेक्टसह, सांगितला आहे.

एका सेंटरला फोन केला. तिकडून उत्तर आलं, रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही नको. मी आजाराचं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं. म्हणाले, सगळ्यांना तोच नियम आहे. माझी चूक ही की मी अर्धं ऐकलं. अकराचा डोस दिला, चारचा दिला नाही. पहाटे निघालो. कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडे मागच्या सीटवरून बायको म्हणाली, 'ही उत्तर देईना झालीय.' गाडी कडेला घेऊन बोट टोचलं, साखर ४१. ग्लुकोजचं पाणी चमच्या-चमच्याने ओठांत सोडलं. वीस मिनिटांनी तिनं डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, 'बाबा, चारचा गजर का नाही वाजला?' तिथूनच गाडी मागे फिरवली.

म्हणून विचारतो. या स्कॅनला खरंच उपाशी राहावं लागतं का? आणि एवढं करून त्यातून कळतं काय?

हुक्केरीची_अक्का

वाचून पोटात गोळा आला रे भाऊ. लेक आता कशी आहे? आणि हा किरणोत्सर्गाचा स्कॅन म्हणजे घरी आल्यावर इतरांना काही होतं का? आमच्या जावेला करायला सांगितला होता, घरात गरोदर सून, म्हणून घाबरून गेलोच नाही.

नंदगडचा_मास्तर

अक्का, आता बरी आहे. शाळेत जाते. तुमचा प्रश्न माझाही आहे, जाणकारांनी सांगावं.

गामावाली

मास्तर, मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, मिरज-सांगली भागात बारा वर्षं झाली. सगळ्यात आधी हे वाचा: सल्फर कोलॉइड लिव्हर स्कॅनला उपाशी राहावं लागत नाही. तुमच्या लेकीचा एकही डोस चुकवू नका.

गोंधळ कुठून होतो ते सांगते. आमच्या विभागात वेगवेगळे स्कॅन होतात आणि रिसेप्शनवर बहुतेक वेळा एकच छापील कागद असतो. पेट स्कॅनला चार ते सहा तास उपाशी लागतं, कारण त्यात साखरेसारखंच औषध देतात आणि जेवणानंतरच्या इन्सुलिनने ते स्नायूंत ओढलं जातं. हायडा, म्हणजे पित्ताचा मार्ग दाखवणाऱ्या स्कॅनलाही काही तास उपाशी ठेवतात, कारण जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि औषध त्यात शिरत नाही. कोलॉइडचा साखरेशी संबंध नाही, पित्ताशी नाही. फोनवर बोलणाऱ्याने 'लिव्हर स्कॅन' ऐकलं आणि हायडाचा नियम सांगितला असणार. आमच्या क्षेत्रातली ही चूक आहे आणि तुमच्या लेकीला ती भोगावी लागली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता यातून काय कळतं. यकृतात दोन तऱ्हेच्या पेशी लक्षात ठेवा. एक हिपॅटोसाइट, यकृताची मुख्य कामं करणाऱ्या. दुसऱ्या कुप्फर पेशी, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अंगाला बसून रक्तातला केरकचरा गिळणाऱ्या. आम्ही टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेले गंधकाचे अतिसूक्ष्म कण शिरेतून देतो. कुप्फर पेशींना तो कचराच वाटतो. दोन-तीन मिनिटांत अर्धे कण रक्तातून गायब होतात. सुमारे ८० ते ८५ टक्के यकृतात बसतात, बाकीचे प्लीहा आणि हाडांच्या मज्जेत. पंधरा-वीस मिनिटांनी कॅमेऱ्याखाली झोपवलं की जिथं कुप्फर पेशी शाबूत तिथं उजेड, जिथं नाहीत तिथं काळोख. स्पेक्ट म्हणजे कॅमेरा अंगाभोवती फिरवून काढलेलं त्रिमितीय चित्र. त्याला आणखी अर्धा तास धरा. स्थिर पडून राहायचं, बाकी त्रास सुईचाच.

फोकल नोड्युलर हायपरप्लेजियाच्या गाठीत कुप्फर पेशी असतात, म्हणून ती आजूबाजूच्या यकृताइतकी किंवा त्याहून जास्त उजळते. अॅडिनोमात त्या सहसा नसतात किंवा काम करत नाहीत, म्हणून ती जागा 'कोल्ड' दिसते. पण 'कोल्ड' म्हणजे कॅन्सर नव्हे. गळू, सिस्ट, अॅडिनोमा, कॅन्सर, सगळं कोल्डच दिसतं. काही अॅडिनोमा कोलॉइड घेतात आणि काही फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया घेत नाहीत, म्हणून एमआरआयच्या शेजारी ठेवूनच हा वाचायचा. दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ निसटू शकते. तुमची २.८ आहे, स्पेक्टवर दिसायला हवी.

अक्का, टेक्निशियमचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, सहा तासांचा. चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो. त्या दिवसापुरतं गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला फार वेळ अंगाला लावून बसू नये, एवढी काळजी पुरते. एकाच घरात राहायला हरकत नाही. जावेला घेऊन जा, टाळू नका.

अपॉइंटमेंटचंही सांगते. टेक्निशियम आम्ही जनरेटरमधून रोज सकाळी काढतो. जनरेटर मुंबईहून येतो, आत मॉलिब्डेनम-९९ असतं, त्याचा अर्धायुष्यकाल ६६ तास. गाईची धार काढावी तसं रोज काढायचं आणि आठवडा संपत येईल तसं कमी निघत जातं. म्हणून औषधाची वेळ आधी ठरलेली असते. विभागात सांगा, 'आमचा डोस सकाळी नऊला आहे, इंजेक्शन साडेनऊला द्या.' वेळ जुळवून देतात. नाही दिली तर तिथल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांशी थेट बोलायला मागा.

निपाणीकर

मास्तर, आमचं दुखणं वेगळं हाय, पण स्कॅन तोच झाला होता म्हणून लिहितो. पोराला गॉशे हाय, पेशींत चरबी साठायचा जन्मजात आजार. नऊ वर्षांचा हाय आता. पोट डब्ब्यासारखं, नाकातनं सारखं रक्त, प्लेटलेट कमी. कुणी टीबी म्हणालं, कुणी रक्ताचा कॅन्सर. दोन वर्षं अशीच गेली बघा.

त्याच्या कोलॉइड स्कॅनमध्ये यकृत मोठं होतंच, पण प्लीहा बेंबीच्या खाली पोचलेली आणि मांडीच्या हाडापर्यंत मज्जा पसरलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, ज्या पेशी ते कण गिळतात त्याच पेशींत ह्या आजारात चरबी साठते, म्हणून हे चित्र असं. पण चित्रावर आजाराचं नाव लिहून येत नाही. नाव कळलं ते रक्तातल्या एन्झाइमच्या तपासणीनं, ग्लुकोसेरेब्रोसिडेज म्हणतात त्याला. ती तपासणी पहिल्याच महिन्यात झाली असती तर पोराची दोन वर्षं वाचली असती, हे माझ्या मनातनं जात नाही. म्हणून ज्यांच्या पोरांची प्लीहा नि यकृत दोन्ही वाढलंय त्यांनी एन्झाइमची तपासणी मागून घ्या.

आता दर पंधरा दिवसाला एन्झाइमचं सलाइन. खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती ठरवून दिलेल्या केंद्रांतूनच. आपल्याला बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आणि इंदिरा गांधी बालरुग्णालय, नायतर मुंबईचं केईएम. आम्ही कर्नाटकातले म्हणून बेंगळुरू धरलं.

सौंदत्तीचा_राजू

माझं वय २४. दहावीपासून डोळे पिवळे. आईनं किती ठिकाणी काविळीचं औषध पाजलं त्याला गणती नाही, झाडपाला, नाकात थेंब, गळ्यात माळ. दर वेळी महिनाभर तेलकट बंद आणि पिवळेपणा तसाच.

शेवटी एका डॉक्टरांनी हायडा स्कॅन केला. यकृत वेळेवर उजळलं, पण उजळलेलंच राहिलं, पित्ताशय फार उशिरा दिसलं. डुबिन-जॉन्सन निघाला. बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य पेशीतून पित्तात ढकलणारा वाहक जन्मतः नाही, एवढंच. यकृताला धोका नाही, औषध लागत नाही. आई तो कागद घेऊन रडली. माळ अजून देव्हाऱ्यात आहे.

घटप्रभा

मास्तर, राग मानू नका. मामाची मुलगी केली होती का? आमच्या घरात पुढच्या महिन्यात असंच लग्न ठरतंय म्हणून विचारते.

नंदगडचा_मास्तर

राग कसला ताई. हो, बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे हे नातं सगळ्यात जवळचं आणि चांगलं मानतात, मीही आनंदाने केलं होतं.

बेंगळुरूच्या समुपदेशक बाईंनी कागदावर काढून दाखवलं. आमच्या दोघांतही या जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली. एक चांगली असली की माणूस ठणठणीत. दोन्ही बिघडलेल्या प्रती एका मुलात आल्या की आजार, आणि प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक. आते-मामे भावंडांचा सुमारे आठवा हिस्सा जनुकं सारखी, मामा-भाचीच्या लग्नात तर चौथा. म्हणून एकाच आजोबा-आजीकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी भेटायची शक्यता वाढते. धाकट्या मुलाची तपासणी केली, तो वाहक आहे, आजारी नाही.

लग्न मोडा असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही घरांत लहानपणी दगावलेली मुलं, पोट फुगलेली मुलं, झटके आलेली मुलं यांची नीट चौकशी करा आणि लग्नाआधी जनुकीय समुपदेशन घ्या. आणखी एक. लेकीचं निदान झालं तेव्हा नातेवाइकांनी सगळा दोष बायकोच्या माथी मारला. दोष अर्धा-अर्धाही नसतो, दोष नसतोच. ती चौदा वर्षं पहाटे चारला उठते.

डॉ_मलप्रभा

मी बालरोगतज्ज्ञ, चयापचयाचे रुग्ण माझ्याकडे मोजकेच, पण नेहमीचे आहेत. गामावाली यांनी सांगितलेलं बरोबर आहे. मी थोडी भर घालतो.

मास्तर, तुमच्या डॉक्टरांकडून एक पत्र कायम जवळ ठेवा, त्यात पहिली ओळ ठळक: 'या रुग्णाला उपाशी ठेवू नये.' खाली साखर किती झाली की काय करायचं ते. पुढे कधी पेट, हायडा किंवा भूल देऊन एमआरआय करावा लागला आणि पोट रिकामं ठेवणं टळलंच नाही, तर आधी दाखल करून डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं सलाइन लावूनच करायचं. पेटच्या वेळी सलाइनमुळे चित्रावर परिणाम होतो, म्हणून त्याचं नियोजन दोन्ही विभागांनी एकत्र बसून करायचं. आणि पेटविषयी हेही लक्षात असू द्या की निरोगी यकृत पेटचं औषध पकडून ठेवत नाही, ते याच ग्लुकोज-६-फॉस्फेटेजमुळे. तुमच्या लेकीत नेमकं तेच नाही. म्हणून तिचा पेट वाचणाऱ्याला आजार आधी सांगितलाच पाहिजे.

टाइप वनमध्ये दहा-वीस वर्षांच्या पुढे अॅडिनोमा होणं नवलाचं नाही. बहुतेक साधे असतात, पण रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित कॅन्सरकडे वळतात, म्हणून नजर ठेवायची. एएफपी या यकृताच्या कॅन्सरसाठी करतात त्या रक्ततपासणीवर या आजारात विसंबून राहता येत नाही. बायोप्सीची घाई नको, या मुलांचे प्लेटलेट नीट काम करत नाहीत, रक्त वाहतं.

शेवटचं, पण आई-वडिलांनी जरूर लक्षात घ्यावं असं. पाळी अनियमित आहे म्हणून कुणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या तर यकृताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. त्याने अॅडिनोमा वाढू शकतो.

नंदगडचा_मास्तर

डॉक्टर, पत्र आजच मागितलं. गोळ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. आभार.

नंदगडचा_मास्तर (अकरा दिवसांनी)

स्कॅन झाला. वेगळ्या सेंटरला गेलो. पत्र दाखवलं तेव्हा तिथल्या डॉक्टर बाई स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'हिला आधी खाऊ घाला, मग बोलू.' नऊला लेकीने त्यांच्याच पॅन्ट्रीत उभं राहून कॉर्नफ्लॉवर ढवळून प्यायलं. साडेनऊला इंजेक्शन. आत जाताना साखर ९४, बाहेर आल्यावर ८८.

मला काचेच्या अलीकडून पडदा दिसत होता. आधी काहीच नाही, नुसते ठिपके, पावसाची सुरुवात व्हावी तसे. मग ठिपके दाट होत गेले आणि यकृत आकाराला आलं. केवढं मोठं! डावीकडे पार बरगडीखालून पलीकडे गेलेलं. चौदा वर्षं हातानं चाचपत आलो, असं समोर पहिल्यांदाच पाहिलं. प्लीहा नेहमीच्या आकाराची. आणि स्पेक्टमध्ये उजव्या भागात एक काळा गोल.

नंतर लेकीने स्वतः चित्र पाहायला मागितलं. त्या काळ्या गोलावर बोट ठेवून तिनं विचारलं, 'इथं काहीच नाही का?' टेक्निशियन मुलगा म्हणाला, 'आहे की. फक्त कचरा गिळणाऱ्या पेशी नाहीत.' तिला ते पटलं. परतताना गाडीत तिनं आईला तस्संच समजावून सांगितलं, कणगी, कचरा, काळोख, सगळं.

रिपोर्ट: गाठ कोल्ड, एमआरआयशी ताडून पाहता अॅडिनोमाकडे कल. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाच सेंटिमीटरच्या आत आहे, तूर्त शस्त्रक्रिया नको. तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय, या वेळी यकृतपेशींत शिरणाऱ्या कॉन्ट्रास्टवर. तोवर रात्रीची साखर आणि लॅक्टेट (या आजारात रक्तात वाढणारं आम्ल) आणखी काटेकोर ठेवायचं, कारण नियंत्रण सुधारलं की काहींच्या गाठी लहान झालेल्या पाहिल्या आहेत. पहाटेचा डोस पाच ग्रॅमने वाढवला आहे.

खर्चाचं काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं. माझं रेशनकार्ड कर्नाटकचं आणि सेंटर महाराष्ट्रात, म्हणून या वेळी खिशातून भरले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आहे. आपलं गाव यादीत आहे का आणि हा स्कॅन योजनेत बसतो का, हे निघण्याआधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

गामावाली

पत्राची पहिली ओळ आमच्याही विभागात फलकावर लावली आहे. रिसेप्शनचा कागद आता तीन रंगांत आहे, कोलॉइडचा वेगळा.

हुक्केरीची_अक्का

जावेची तारीख घेतली, येत्या बुधवारची. मास्तर, ते ६५ ग्रॅम रोज मोजता कशावर? माझ्या भाचीच्या मुलालाही हेच सांगितलंय, ती चमच्याने अंदाजे घालते.

नंदगडचा_मास्तर

अक्का, चमच्याने नको. दाबून भरला तर एक वजन, सैल भरला तर दुसरं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, स्वयंपाकाच्या सामानात मिळतो. आम्ही संध्याकाळीच रात्रीचे दोन्ही डोस मोजून झाकणाच्या डब्यांत कोरडे भरून ठेवतो, वर वेळ लिहून. पहाटे चारला फक्त पाणी घालायचं. भाचीला माझा नंबर मागायला सांगा, व्यक्तिगत निरोपात देतो.